झाकणाखालचं उत्तर

"हलू नकोस! सावली पडतेय तिच्यावर."

मी एक पाय खडपावर आणि एक पाय हवेत अशी थांबले. उमैमा डबक्यावर इतकी वाकली होती की तिच्या ओढणीचं टोक पाण्यात भिजत होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता.

"काय आहे?"

"ये. पण माझ्या डावीकडून, हळू. आणि ओरडायचं नाही."

"मी कशाला ओरडू?"

मी ओरडले.

डबक्याच्या तळाशी, केशरी स्पंजाने लगडलेल्या एका दगडावर, ती चालत होती. शंख नसलेली समुद्री गोगलगाय, करंगळीच्या नखाएवढी. अंग सायीसारखं पांढरं, डोक्यावर दोन काळसर शिंगं, पाठीमागे फुलासारखा उमललेला कल्ल्यांचा झुपका. इथपर्यंत सगळं ओळखीचं होतं, इथल्या नेहमीच्या शेवंती गोगलगाईसारखं. पण अंगाच्या कडेला चारही बाजूंनी एक निळी रेघ होती. गॅसच्या ज्योतीत असते ती निळी.

"शेवंती?" मी विचारलं.

"शेवंतीची कड पिवळी असते."

"मग?"

"मग काय ते मला विचारू नकोस. मी दोन वर्षं या खडपांवर येतेय, ही बाई मी पाहिलेली नाही." उमैमाचे डोळे इतके मोठे झाले होते की मला हसूच आलं. "केतकी, फोन काढ. पोस्ट टाक. आत्ता."

ही गोष्ट रत्नागिरीच्या दक्षिणेला, कोंडवाडीच्या खडपांवरची, समुद्रात उतरत गेलेल्या कातळांवरची. मी तेव्हा नुकतीच संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी झाले होते. उमैमा होडेकर माझ्याच कॉलेजची, पण प्राणिशास्त्राची. तिच्या घरच्यांच्या होड्या होत्या, त्यामुळे भरती-ओहोटीचं वेळापत्रक तिला तोंडपाठ असे. मला तोंडपाठ होतं ते एवढंच, की पोस्ट कशी लिहायची.

कारण पोस्ट लिहिणं सोपं नव्हतं. 'ओहोटी' नावाचा एक मराठी फोरम होता, कोकण किनाऱ्यावर जीव बघत हिंडणाऱ्या लोकांचा. साइट जुन्या वळणाची. अक्षर ठळक करायला बटण नाही, काही नाही. सगळं चिन्हांनी करायचं. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फुल्या टाकल्या की शब्द ठळक. ओळीच्या सुरुवातीला बाणाचं टोक टाकलं की ती ओळ दुसऱ्याचं अवतरण म्हणून आत सरकते. उमैमाला या प्रकाराचा संताप यायचा. "फुल्या मोजत बसू का गोगलगाई?" असं ती म्हणायची. मला मात्र ते फार आवडे. चिन्ह आपण टाकतो, पोस्ट झाली की ते नाहीसं होतं आणि फक्त त्याचं काम दिसतं.

आणि झाकण. फोरमची खरी ओळख ते होतं. दोन उभ्या रेघा, मग मजकूर, मग पुन्हा दोन उभ्या रेघा. की मजकूर काळ्या पट्टीखाली जायचा. पट्टीवर बोट टेकवलं की उघडायचा. अनोळखी जीव दिसला की शोधणाऱ्याने फोटो टाकायचे, बाकीच्यांनी आपापलं उत्तर झाकणाखाली लिहायचं, आणि शोधणाऱ्याने "पाणी फिरलं", म्हणजे भरती सुरू झाली, असं लिहीपर्यंत कुणीही कुणाचं झाकण उघडायचं नाही. अडवायला कुणी नव्हतं. तरी कुणी उघडत नसे.

ही पद्धत आचरेकर काकांनी पाडली होती. काका कस्टममधून निवृत्त झालेले, आचऱ्याचे. शेवंतीला शेवंती हे नाव त्यांनीच दिलं होतं. फोरमवरच्या निम्म्या जिवांची मराठी नावं त्यांची. पूर्वी कुणीही फोटो टाकला की पहिलं उत्तर काकांचं येई आणि खाली रांगेने "काका म्हणतात तेच." शेवटी काकाच वैतागले. "मी एकटाच बोलायचं असेल तर मी आरशासमोर बोलेन," असं त्यांनी लिहिलं आणि झाकणाची मागणी केली.

मी उंच खडपावर चढले, कारण खाली रेंज नव्हती. फोटो टाकले, ठिकाण लिहिलं, "झाकणं लावा" असं लिहिलं.

"काय म्हणतायत?" उमैमा खालून ओरडली.

"एक झाकण आलं! फाटक बाईंचं!"

"काय लिहिलंय?"

"झाकण आहे, उमैमा!"

"अगं पण तू वर आहेस, तिथून दिसत नाही का?" असं म्हणून ती स्वतःच हसत सुटली.

मग प्रश्न सुरू झाले. प्रश्न उघडे विचारायला परवानगी होती. मोजपट्टी शेजारी ठेवा. शिंगं जवळून. कल्ल्यांना टोकं किती? पोटाकडचा रंग? मी प्रश्न वाचून दाखवायचे, उमैमा पाण्यात कॅमेरा बुडवायची.

"पोट कसं दाखवू? ती काय माझं ऐकते?"

"दगडाची कड चढतेय बघ! आता! आता!"

"घेतला! घेतला घेतला घेतला!"

फोटो चढायला वेळ लागे, तोवर मी फोन डोक्यावर धरून उभी. खाली दोन काळ्या पट्ट्या, मग तीन, मग चार. त्यांच्याखाली काय असेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. कारण झाकणांवर एक गोष्ट अवलंबून होती.

रत्नागिरीच्या संशोधन केंद्रात रेगे मॅडम होत्या. जीव उचलून टाकीत ठेवायची परवानगी त्यांच्याकडे होती, आमच्याकडे नव्हती. त्यांनी फोरमला स्पष्ट सांगून ठेवलं होतं: प्रत्येक गोगलगाय माझ्या दारात आणू नका. निम्म्याहून जास्त झाकणांखाली "माहीत नाही" निघालं, तरच माझ्या परवानगीवर उचला आणि या. एरवी जीव जिथला तिथे. आम्हालाही ते पटलेलं होतं. पण हे डबकं खडपांच्या अगदी खालच्या कडेला होतं. अमावास्येच्या मोठ्या ओहोटीलाच ते उघडं पडे. आज पाणी चढलं की ही निळ्या कडेची बाई समुद्राची झाली, पुन्हा आमच्या नजरेस पडेल याची काही खात्री नाही.

"सगळ्यांनी 'माहीत नाही' लिहावं," उमैमा म्हणाली. "मी आयुष्यात पहिल्यांदा लोकांच्या अज्ञानासाठी दुवा मागतेय."

तेवढ्यात काकांचं उत्तर आलं.

काळी पट्टी नव्हती. दोन उभ्या रेघा, मग जाड, ठसठशीत अक्षरांत:

शेवंती. शंकाच नको.

आणि शेवटी एकच उभी रेघ. काकांकडून दुसरी टाकायची राहिली होती. झाकण लागलं नव्हतं, पण फुल्या मात्र बरोबर मोजून टाकल्या होत्या, त्यामुळे उत्तर उघडं तर होतंच, वर ठळकही होतं.

मी नुसती बघत राहिले. थोड्याच वेळात ते काळ्या पट्टीखाली गेलं; काकांनी दुरुस्त केलं होतं. खाली त्यांनी लिहिलं, "एक रेघ राहिली, माफ करा. कुणी पाहिलं नसेल."

"काय झालं?" उमैमाने विचारलं. मी सांगितलं.

"मग संपलंच की."

"असं कसं? बाकीच्यांनी पाहिलंच असेल असं नाही."

"तू पाहिलंस?"

मी पुन्हा फोनकडे वळले.

त्यानंतर झाकणं भराभर आली. आधी एकेक झाकण यायला जितका वेळ लागत होता, त्या मानाने फारच भराभर. मला ते तेव्हाच खटकलं.

पहिली लाट खालच्या खडपावर फुटून आमच्या दिशेने पसरली तेव्हा उमैमाने मान वर केली. "फिरलं."

मी "पाणी फिरलं" असं लिहिलं आणि झाकणं उघडायला सुरुवात केली. बोट ओलं होतं, एकेका पट्टीवर दोनदा टेकवावं लागत होतं.

माहीत नाही. शेवंती नाही, दुसरीच कुठली तरी. माहीत नाही. माहीत नाही. मग काकांचं. आणि मग शेवंती, शेवंती, "शेवंतीच असावी", शेवंती, शेवंती, "शेवंती (रंग वेगळा वाटतो पण)".

बेरीज करायची गरज नव्हती.

"बरणी दे," उमैमा म्हणाली.

"नाही."

"केतकी, बरणी दे. मी उचलते. रेगे मॅडमना मी सांगते, शिव्या मी खाते."

"शिव्यांचा प्रश्न नाही. त्या परत पाठवतील तुला. म्हणतील, फोरमने शेवंती म्हटलंय, शेवंती मला कशाला? आणि पुढच्या वेळी आपण खरंच काही नेलं तर दार उघडणार नाहीत."

"ही शेवंती आहे असं तुला वाटतं?"

"मला काय वाटतं त्याला किंमत नाही, आपण शोधणारे आहोत. आपलं मत मोजत नाहीत."

"अगं तुझं संख्याशास्त्र बुडव त्या पाण्यात! पाणी येतंय!"

खरंच येत होतं. एक पातळ लाट खडपावरून सरकत डबक्यात आली आणि स्पंजाचा दगड क्षणभर धूसर झाला. उमैमाने दोन्ही तळवे डबक्याच्या कडेला बांधासारखे लावले. त्याने काय होणार होतं? पण तिने ते लावले.

मी फोनकडे बघितलं. पुन्हा बघितलं. आणि मला ते स्पष्ट दिसलं. ही अकरा मतं नव्हतीच. वरची चार मतं होती, पाचवं काकांचं, आणि त्यापुढे सगळा प्रतिध्वनी. वर्गात हे आम्हाला फळ्यावर शिकवलं होतं: निरीक्षणं एकमेकांपासून स्वतंत्र असली तरच त्यांची बेरीज करायची. मी ते पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळवले होते. ते इतकं साधं आणि इतकं खरं असतं, हे मला गुडघ्यापर्यंत ओली होऊन खडपावर उभी असताना कळलं.

पण हे लिहायचं कसं? "काकांमुळे तुम्ही बहकलात" असं लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि भांडणाला वेळ नव्हता.

मी ते लिहिलंच नाही. एकेका उत्तरापुढे बाणाचं टोक टाकून सगळी उत्तरं आली त्या क्रमाने अवतरणात घेतली. नावं काढून टाकली. फक्त काकांचं उत्तर जिथे आलं होतं तिथे ते घेतलं नाही. त्या जागी तीन छोट्या आडव्या रेघा टाकल्या. ओहोटीवर एका ओळीत अशा तीन रेघा टाकल्या की पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ उमटते.

पोस्ट केल्यावर मी ती वाचली. रेघेच्या वर: माहीत नाही, दुसरीच, माहीत नाही, माहीत नाही. रेघेच्या खाली: शेवंती, शेवंती, शेवंती, सगळ्या शेवंतीच. एक शब्दही स्पष्टीकरणाचा नव्हता आणि लागतही नव्हता.

खाली एवढंच लिहिलं: "रेघेखालच्यांना विनंती. रेघेच्या जागी जे होतं ते दिसलं नसतं तर काय लिहिलं असतं? पुन्हा झाकणाखाली लिहा. पाणी चढतंय."

"काय केलंस?" उमैमाने विचारलं. तिच्या मनगटापर्यंत पाणी आलं होतं.

"रेघ मारली."

"काकांचं नाव घेतलंस?"

"नाही. रेघच आहे फक्त."

"ते चिडतील."

"चिडू देत. आधी वाचू देत."

काहीच आलं नाही. खाली नावं दिसत होती, कोण कोण पान बघतंय त्यांची. सगळे होते. कुणी लिहीत नव्हतं. मला वाटलं, झालं, आता कुणीतरी लिहिणार, ही कालची पोरगी आम्हाला शिकवणार का. आणखी एक लाट आली. उमैमा म्हणाली, "ती दगडाच्या खालच्या बाजूला चाललीय. लपतेय. केतकी, लपली तर दगड उलटवावा लागेल."

मग एक काळी पट्टी आली.

मी उघडली. "माहीत नाही. खरं तर आधी हेच टंकलं होतं, मग खोडलं."

"उमैमा!"

दुसरी. "माहीत नाही." तिसरी. "शेवंतीच म्हणेन मी तरीही. काकांनी सांगितलं म्हणून नाही." चौथी. "माहीत नाही, आणि हे लिहून किती बरं वाटलं सांगू." पाचवी, माहीत नाही. मी एकेक मोठ्याने वाचत होते, उमैमा खालून प्रत्येकाला "माशाल्ला!" म्हणत होती, अगदी शेवंतीवाल्यालाही.

"झालं की! निम्म्याहून जास्त झाले! बरणी!"

"काकांचं राहिलंय."

"कशाला हवंय त्यांचं?"

"कारण ते रेघेवर आहेत. ना वर, ना खाली."

खरं सांगायचं तर नियमाने मला त्यांच्यासाठी थांबायची गरज नव्हती. पण मला त्यांचं उत्तर हवं होतं. फोरमवर जे काही शिकले होते ते त्यांच्याकडून शिकले होते.

काळी पट्टी आली. नीट लागलेली, दोन्हीकडे दोन-दोन रेघा. मी बोट टेकवलं.

"माहीत नाही."

अक्षरं साधी होती. आणि मी ते वाचून संपवायच्या आत फोन वाजला.

"अगो, उभी काय ऱ्हवलंस?" काका फोनवर मालवणीतच बोलायचे, आणि ओरडूनच. "उचला! पाणी काय तुमच्यासाठी थांबतला?"

"काका, तुम्ही चिडला नाहीत ना?"

"मगे चिडतंय. आधी उचला!"

"पण तुम्ही तर लिहिलं होतं, शंकाच नको. ठळक करून."

पलीकडून हसू आलं. "गो बाय, खात्री असली तर माणूस ठळक कशाक करतलो?"

मी खडपावरून उतरले म्हणण्यापेक्षा घसरले. उमैमाने दगड दोन्ही हातांनी धरला होता, मी बरणी पाण्यात आडवी केली, आणि दगड, स्पंज आणि निळ्या कडेची बाई असे तिघे मिळून आत गेले. पुढच्याच लाटेत डबकं नाहीसं झालं. आम्ही दोघी कमरेपर्यंत भिजलो होतो, हसत होतो आणि थरथरत होतो. बरणीत ती शांतपणे काचेवर चढत होती. पोट एकदम स्पष्ट दिसत होतं.

"आता दाखवतेय बघ पोट," उमैमा म्हणाली. "मघाशी केवढा भाव खाल्ला."

रेगे मॅडमनी बरणी उजेडात धरली, चारही बाजूंनी फिरवून पाहिली, मग म्हणाल्या, "मलाही माहीत नाही," आणि टाकी रिकामी करायला सांगितली. रोज एकाच वेळी, एकाच दिव्याखाली, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढायचं काम मी मागून घेतलं. उमैमा खडपांवरून तो केशरी स्पंज आणत राहिली, कारण गोगलगाय दुसरं काही खात नव्हती.

ती वाढू लागली. आणि एके दिवशी फोटो ओळीने लावले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मागची निळी कड फिकट झालीय. दिव्याचा दोष असेल म्हणून मी सगळं पुन्हा तपासलं. दोष नव्हता. निळं मागून पुढे ओसरत गेलं. पुढच्या आठवड्यात शेपटाकडे पिवळ्याची एक बारीक छटा आली.

"आपली निळी चालली," उमैमा टाकीला नाक लावून म्हणाली. तिला खरंच रडू येत होतं.

मागे रेगे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. "चालली नाही गं!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. "पिल्लू आहे हे! शेवंतीचं पिल्लू! या किनाऱ्यावर या वयाची शेवंती कुणी ओळखलेलीच नाही. तिची पिल्लं अशी दिसतात हेच कुणाला ठाऊक नव्हतं. दिसली असतील लोकांना, पण कुणी दुसरंच काहीतरी समजून सोडलं असेल, कुणी शेवंती म्हणून. आपण ती मोठी होताना पाहिली. रोज. एकाच दिव्याखाली!" त्यांनी माझे खांदे धरून मला हलवलं.

मी आणि उमैमाने टाकीच्या खोलीत नाचायचं तेवढं नाचून घेतलं. मग मी फोन स्पीकरवर टाकून काकांना लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. निळं, पिवळं, स्पंज, पिल्लू.

 पलीकडून ते खदखदून हसू आलं.

"म्हणजे मी बरोबर होतंय!"

"हो, काका."

"पयल्यापासून बरोबर होतंय!"

"पहिल्यापासून," उमैमा म्हणाली. "मान्य. आता आम्हाला छळा."

आम्ही वाट बघत होतो की आता काका सगळ्या फोरमला सुनावणार. त्यांना तो हक्क होता. रेघ मीच मारली होती, आणि रेघेच्या खालचे लोक, त्यांच्या नादाने का होईना, बरोबर निघाले होते. रेगे मॅडमही हातातलं काम थांबवून ऐकत होत्या.

काकांचं हसू थांबलं. त्यांचा आवाज आला तेव्हा ते ओरडत नव्हते. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं, आणि तरीही त्या आवाजात केवढा आनंद होता.

"पण गो," ते म्हणाले, "माका म्हायत नव्हता."